‘ओझरहून उडाला की पेशंट वाचला’? जरा थांबा

2027 च्या सिंहस्थाचा विषय निघाला की नाशिकच्या ग्रुपांवर हा मेसेज येतोच: ‘ओझर विमानतळावर एअर ॲम्ब्युलन्स उभी ठेवा. अर्ध्या तासात मुंबई, गोल्डन अवर वाचला. आत अख्खं आयसीयू असतं, सोबत कुठलाही डॉक्टर चालतो.’ (गोल्डन अवर म्हणजे उपचारासाठी मोलाचा पहिला तास.)

अर्धा तास तो फक्त हवेतला. त्याआधी विमान तयार होणार, पेशंट शहरातून वीसेक किलोमीटर ओझरला जाणार, स्ट्रेचर चढणार. मुंबईत उतरल्यावर पुन्हा ॲम्ब्युलन्स, पुन्हा ट्रॅफिक. पोटात रक्तस्राव चालू असलेल्याला जवळचं ऑपरेशन थिएटरच हवं. गोदावरीच्या रामकुंडावर कुणाचं हृदय बंद पडलं, तर सीपीआर (छाती दाबणं) आणि विजेच्या शॉकविना दर मिनिटाला जगण्याची शक्यता 7 ते 10 टक्क्यांनी घटते. तिथे विमान काय करणार? हां, स्थिर झालेल्या पेशंटला प्रत्यारोपणासाठी चेन्नईला न्यायचं असेल, तर विमानाला तोड नाही.

‘अख्खं आयसीयू’ ही समजूत जास्त घातक. विमानात केबिनचा दाब बहुधा 6 ते 8 हजार फुटांवरच्या हवेइतका असतो, म्हणजे कळसूबाईच्या माथ्याहूनही वरचा. 8 हजार फुटांना शरीरात अडकलेली हवा साधारण एक तृतीयांशाने फुगते. छातीच्या एक्स-रेत जेमतेम दिसणारी, फुप्फुसाभोवतीची हवा वर गेल्यावर फुप्फुस दाबू लागते. म्हणून ती हवा काढणारी छातीतली नळी उड्डाणाआधीच टाकायची. श्वासनलिकेतल्या ट्यूबचा ‘कफ’, म्हणजे तिच्या टोकाजवळचा हवेचा फुगा, तोही फुगतो. त्याचा दाब चढताना-उतरताना मोजत राहावं लागतं. जमिनीवर रक्तातला ऑक्सिजन कसाबसा 92 टक्के टिकवणारा पेशंट वर आणखी घसरतो. हेलिकॉप्टर खालून उडतं, म्हणून हा त्रास कमी. पण त्या आवाजात स्टेथोस्कोप गळ्यात नुसता लोंबकळतो. ट्यूब जागेवर आहे का, हे कॅप्नोग्राफीच (उच्छ्वासातला कार्बन डायऑक्साइड मोजणं) सांगते.

राहिला ‘कुठलाही डॉक्टर’. एसीएलएसचं (हृदय बंद पडल्यावरच्या प्रगत उपचारांच्या प्रशिक्षणाचं) कार्ड दोन वर्षं चालतं, हाताची सफाई मात्र काही महिन्यांतच उतरते. अगदी सीनिअरांचीही! पट्टा बांधून, वाकून, हेडसेटवर बोलत ट्यूब टाकायचा सराव मॅनिकिनवरच, म्हणजे सरावाच्या पुतळ्यावरच होतो. हॉलमध्ये स्लाइड्स, मग जेवण, मग सर्टिफिकेट, असल्या कार्यशाळेला ट्रेनिंग म्हणवत नाही.

उद्या घरच्या कुणासाठी एअर ॲम्ब्युलन्स ठरवायची वेळ आली, तर दर विचारण्याआधी दोन गोष्टी विचारा: सोबतच्या डॉक्टरांनी असा सराव शेवटचा कधी केला, आणि मॉनिटरवर कॅप्नोग्राफी आहे का?