आठ मिलिमीटर

गेल्या आठवड्यात इटलीतल्या बोलोन्या शहरात एका खाणावळीत एका अनोळखी वृद्ध गृहस्थांनी माझ्या बशीतला पदार्थ शिंप्याच्या टेपने मोजला. जेवण त्याच रात्री पचले. तो प्रसंग मात्र अजून पचलेला नाही.

भाचा तिथे शिकतो आणि मी त्याला भेटायला गेले होते, एवढी पार्श्वभूमी पुरे. त्याने माझ्यासाठी ताल्यातेल्ले अल रागू मागवले होते. ताल्यातेल्ले म्हणजे अंडी घालून मळलेली कणीक लाटून कापलेल्या लांबच लांब पट्ट्या, आणि रागू म्हणजे कांदा, गाजर व सेलरीसह तासन्‌तास मंद आचेवर मुरवलेला खिमा, ज्यात टोमॅटो असतो पण मिरवत नाही. पदार्थ अप्रतिम होता, याबद्दल माझी तक्रार नाही. अडचण अशी होती की मी फिकट रंगाची इरकल नेसले होते आणि काट्याला गुंडाळलेली प्रत्येक पट्टी तोंडाशी येताच शेपूट झटकत होती. दोन शिंतोडे पदरावर उडाल्यावर मी सुरी उचलली आणि त्या पट्ट्यांचे सरळ चार-चार तुकडे केले.

शेजारच्या टेबलावरून, पायाचे बोट दाराच्या फटीत सापडावे, तसा आवाज आला.

गृहस्थ ऐंशीच्या घरातले असावेत. त्यांनी गळ्यातला रुमाल सोडला, खुर्ची आमच्याकडे वळवली आणि भाच्याशी बोलायला सुरुवात केली. माझ्याशी नव्हे, कारण गुन्हेगाराशी थेट बोलायचे नसते. भाचा भाषांतर करत होता आणि त्यातले निम्मे गाळत होता, हे त्याच्या कानांच्या रंगावरून मला कळत होते. गृहस्थ चाळीस वर्षे शिंपी होते. त्यांनी खिशातून खरोखरच टेप काढला, माझी परवानगी न घेता एक तुकडा काट्याने बशीच्या कडेला ओढून सपाट केला, चश्मा कपाळावर चढवला आणि मोजला. ‘‘आठ,’’ ते म्हणाले. स्वयंपाकघर निर्दोष सुटले होते. आता आरोपी म्हणून मी एकटीच उरले होते.

‘‘मावशी, शिजल्यावर आठ मिलिमीटर रुंदी हवी, असा इथे नियम आहे,’’ भाचा म्हणाला. मला ही थट्टा वाटली, पण ती नव्हती. १९७२ साली बोलोन्याच्या व्यापारी मंडळात ताल्यातेल्लेच्या पट्टीचे माप रीतसर नोंदवले गेले असून, नमुना म्हणून सोन्याची एक पट्टी तिथे जपून ठेवलेली आहे. हे माप शहरातल्या ९७ मीटर उंच असिनेल्ली मनोऱ्याच्या उंचीचा १२,२७० वा भाग आहे, असेही सांगतात. पोटात जाणाऱ्या वस्तूचा हिशेब मनोऱ्याशी जुळवणाऱ्या लोकांपुढे मी काय बोलणार?

‘‘रुंदीला मी हात लावलेला नाही, फक्त लांबी कमी केली आहे,’’ असे मी बाणेदारपणे सांगितले. गृहस्थांनी प्रथमच माझ्याकडे, म्हणजे माझ्या साडीकडे, निरखून पाहिले आणि विचारले, ‘‘हे कापड किती मीटर?’’

‘‘साडेपाच.’’

‘‘आणि बाई ते न कापता अंगाला गुंडाळतात?’’

‘‘हो.’’

‘‘मग?’’

त्या ‘मग’चे उत्तर मला आजतागायत सुचलेले नाही. साडीला फॉल-पिको असते, ब्लाऊजपीस कापून काढतात, असे तपशील मनात आले; पण ते भाच्याकडून इटालियनमध्ये वदवून घेण्याची ती वेळ नव्हती. गृहस्थ विजयी मुद्रेने वळले आणि पावाच्या तुकड्याने आपली बशी आरशासारखी लख्ख पुसू लागले. याला तिथे ‘स्कार्पेत्ता’, म्हणजे छोटा जोडा, असे लाडाचे नाव आहे. बशी पुसणे चालते, पट्टी कापणे चालत नाही. ठीक आहे.

शेवटी मी कापुचिनो मागितली आणि शेजारून तोच आवाज पुन्हा आला. कापुचिनो सकाळची; जेवणावर दूध पचत नाही, असे मला समजावण्यात आले. माशांवर दूध पिऊ नये असे बजावणाऱ्या घरात मी वाढले असल्यामुळे पोटाच्या नावाने निघणारे फतवे मला नवे नाहीत. पण इथे मात्र माझे डोके फिरले, कारण १९८२ साली याच मंडळात नोंदवलेल्या रागूच्या अधिकृत कृतीत दूध आहे. म्हणजे खिम्यात मुरलेले दूध पचते आणि कपात ओतलेले पचत नाही. भाच्याने हे भाषांतरित करायला साफ नकार दिला आणि माझ्यासाठी दोन घोटांची काळी कॉफी मागवली.

त्या रात्री मी चिडून वाचन केले. पेल्लेग्रिनो आर्तूसी या रेशमाच्या व्यापाऱ्याने १८९१ साली पदरमोड करून छापलेले पाकशास्त्राचे पुस्तक इटालियन घरांत आजही आदराने उघडले जाते. त्यातल्या बोलोन्याच्या पद्धतीच्या पाककृतीत टोमॅटो मुळीच नाही, आणि तो खिमा ताल्यातेल्लेवर नव्हे, तर ‘घोड्याचे दात’ या नावाच्या आखूड मकरोनीवर घालायचा आहे. आखूड! म्हणजे माझ्या चार तुकड्यांना आर्तूसींचा निदान अर्धा आधार होताच. शिवाय ज्या नियमांच्या जोरावर माझा न्यायनिवाडा झाला, त्यांतला मापाचा नियम जेमतेम पन्नाशी ओलांडलेला आणि रागूचा त्याहून लहान. दोन्ही त्या गृहस्थांच्या डोळ्यांदेखत जन्मलेले. पुरणात गूळ की साखर यावर आमच्या घरात तीन पिढ्या भांडल्या, पण शेजारच्या पंगतीत टेप घेऊन कोणी गेले नव्हते. कदाचित टेप हाताशी नसावा.

बिल आले तेव्हा त्यात ‘कोपेर्तो’ म्हणून माणशी तीन युरो लावलेले होते. ते कशाचे, असे विचारता वाढप्याने टेबलावरचे कापड, पाव आणि काटे-सुरी यांच्याकडे हात केला. म्हणजे जी सुरी मी वापरायला नको होती, तिचे पैसे मात्र मी भरले. भाचा म्हणतो, मी ते मनाला लावून घेऊ नये. गृहस्थांनी जाताना टोपी उंचावून मला अभिवादन केले आणि पदरावरचे दोन डाग वाकून पाहत भाच्याला काहीतरी सांगितले. लिंबू चोळा, असे ते म्हणाल्याचे भाचा सांगतो. मी चोळले, डाग गेले नाहीत.