सिग्नलला ‘डी’त थांबल्यानं गिअरबॉक्स जळत नाही

मागच्या महिन्यात पुण्यात नळ स्टॉपच्या सिग्नलला आईच्या ऑटोमॅटिक गाडीत तिच्या शेजारी बसलो होतो. लाल दिवा लागला, तिनं ब्रेक दाबला आणि लगेच लिव्हर ‘एन’मध्ये, म्हणजे न्यूट्रलमध्ये ओढला. हिरवा लागला तेव्हा लिव्हर तसाच राहिला. तिनं ॲक्सिलरेटर दाबला, इंजिन नुसतंच ओरडलं, मागून हॉर्न सुरू झाले. गडबडीत तिनं पाय न उचलताच लिव्हर ‘डी’त, म्हणजे ड्राइव्हमध्ये टाकला आणि गाडी पुढच्या रिक्षाच्या अंगावर झेपावली. वीतभर अंतर उरलं.

ही सवय तिला एका व्हॉट्सॲप फॉरवर्डनं लावली. त्यातले दावे असे: ऑटोमॅटिक गाडी सिग्नलला ‘डी’त ठेवली की गिअरबॉक्स जळतो, ‘एन’ केल्यानं भरपूर पेट्रोल वाचतं, आणि घाट उतरतानाही ‘एन’च करावं. आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर तो तीनदा येऊन गेला. म्हणून एकेक दावा घेतो.

‘इंजिन पुढे ढकलतं, ब्रेक मागे ओढतो, मधल्या मधे गिअरबॉक्स जळतो.’

पहिली चूक म्हणजे ऑटोमॅटिक हा एकच प्रकार धरलाय. आईच्या गाडीत टॉर्क कन्व्हर्टर आहे. त्यात इंजिन आणि गिअरबॉक्स यांच्यामध्ये तेल असतं. इंजिनाकडचं पातं ते तेल फिरवतं आणि तेल समोरचं पातं फिरवतं. दोन पंखे समोरासमोर ठेवून एकच चालू केला, की त्याच्या वाऱ्यानं दुसरा फिरू लागतो, तसंच. दुसरा पंखा हातानं धरला म्हणून पहिला जळत नाही. गाडी उभी असताना तेल थोडं तापतं, पण ते थंड करायची सोय गाडीत असते. काही गाड्या तर ब्रेकवर उभ्या असताना आतल्या आत क्लच सैल करून न्यूट्रलसारख्याच होतात.

आपल्याकडे २०१४ साली मारुतीच्या सेलेरिओतून आलेली एएमटी (ऑटोमेटेड मॅन्युअल) वेगळी. तिच्यात मॅन्युअल गाडीचाच क्लच असतो, फक्त तो दाबायचं काम यंत्र करतं. ब्रेक पूर्ण दाबून उभे असाल तर क्लच सुटलेला असतो, म्हणजे जळायला तिथं काही घासतच नाही. डीसीटीतही, म्हणजे दोन क्लचच्या गिअरबॉक्समध्येही, ब्रेक घट्ट दाबलेला असला की क्लच मोकळे असतात. सीव्हीटीत, म्हणजे ठरावीक गिअर नसलेल्या प्रकारात, बहुतेक ठिकाणी पुन्हा टॉर्क कन्व्हर्टरच.

रेल्वे फाटकाला दहा मिनिटं थांबायचं असेल तर हँडब्रेक ओढून ‘एन’ जरूर करा, त्याहून बरं म्हणजे इंजिनच बंद करा. पण दीड मिनिटाच्या सिग्नलसाठी नाही.

‘भरपूर पेट्रोल वाचतं.’

उभ्या लहान पेट्रोल गाडीला तासाला पाऊण लिटर लागतं असं धरा. दीड मिनिटाला सगळं मिळून १९ मिलिलिटर होतं. ‘डी’ आणि ‘एन’ यांतला फरक हा त्यातलाही छोटा हिस्सा. एवढ्यासाठी आईनं दर चौकात लिव्हरशी झटायचं?

‘उतारावर एन करा.’

हा दावा वाचून मला खरंच राग आला, कारण यात जीव जाऊ शकतो. ताम्हिणी उतरताना गाडी गिअरमध्ये असली की इंजिन तिला धरून ठेवतं. ‘एन’ केलं की सगळा भार ब्रेकवर येतो. तो तापत जातो आणि ऐन वळणावर लागेनासा होतो. पेट्रोलही वाचत नाही. आजकालच्या इंजिनात गिअरमध्ये असताना ॲक्सिलरेटर सोडला की इंधन जवळपास बंदच होतं. ‘एन’मध्ये मात्र इंजिन चालू ठेवायला ते सोडावंच लागतं. मोठ्या उतारावर ‘एल’ (लो) किंवा मॅन्युअल मोडमध्ये खालचा गिअर घ्यावा.

क्लच खरोखर कशानं जळतो, ते या फॉरवर्डमध्ये नाहीच. माझ्या आधीच्या एएमटी गाडीचा क्लच मी स्वतः जाळलाय. पौड फाट्याच्या उड्डाणपुलाच्या चढावर गर्दीत मी ब्रेक न दाबता ॲक्सिलरेटरवर गाडी तोलून धरायचो. मागे येऊ नये एवढाच पाय. गॅरेजमध्ये मेस्त्रींनी प्लेट काढून हातात दिली. अस्तर काचेसारखं गुळगुळीत झालं होतं, प्रेशर प्लेटवर निळे डाग होते आणि जळका वास दोन दिवस नाकातून गेला नाही. गाडी चढावर उभी होती तेवढा सगळा वेळ तो क्लच अर्धवट घासत होता.

चढावर थांबलात की ब्रेक पूर्ण दाबा आणि लिव्हर ‘डी’तच राहू द्या. हिल होल्ड (ब्रेक सोडल्यावर गाडी क्षणभर धरून ठेवणारी सोय) नसेल तर हँडब्रेक ओढा. मुंगीच्या गतीनं सरकणाऱ्या गर्दीत अर्धा ब्रेक दाबून इंच इंच पुढे जाऊ नका. एएमटी आणि डीसीटीत क्लच तेव्हाही झिजतो. पुढच्या गाडीशी चांगलं अंतर पडू द्या, मग ब्रेक सोडून एकदम तेवढं पुढे जा. मधे एखादी रिक्षा घुसली तर घुसू द्या.