चलबदल सुचतो कुठून? एका प्रतिक्रियेला उत्तर

महोदय,

वित्तीय गणितातील समीकरणे, उदाहरणार्थ ऑप्शनची (ठरलेल्या भावाने खरेदी वा विक्री करण्याच्या हक्काची) किंमत सांगणारे ब्लॅक-शोल्सचे समीकरण, सममितीच्या, म्हणजे एका उकलीतून दुसरी उकल देणाऱ्या बदलांच्या, साहाय्याने कशी सोडवतात, या माझ्या लेखाखाली आपण लिहिले आहे : ‘ब्लॅक-शोल्सचे समीकरण एका चलबदलाने उष्णता समीकरणात जाते, हे पदवीच्या मुलालाही ठाऊक असते, त्यासाठी लीच्या सिद्धांताचे अवडंबर कशाला? शेवटी आकडा संगणकच काढतो. जळगावात बसून वॉल स्ट्रीटचे गणित शिकवण्यापेक्षा लेखकाने कापसाचे भाव पाहावेत.’

शेवटचे वाक्य आधी घेतो, कारण ते गणिताविषयी नसून माझ्याविषयी आहे आणि ते मला लागले आहे. माझ्या वडिलांचा कापसाचा व्यापार होता. वायदा म्हणजे काय, हे मला पुस्तकाच्या आधी घरातल्या बोलण्यातून कळले. पुढे खानदेशातल्याच एका महाविद्यालयात मी नोकरीची सगळी वर्षे विकलक समीकरणे शिकवली. ज्या शहराचा सराफ बाजार सोन्याच्या भावावर चालतो, तिथे बसून सोन्याच्या ऑप्शनविषयी लिहू नये, असे आपल्याला का वाटावे? असा शेरा आपण पुण्या-मुंबईच्या लेखकाला मारला नसता.

आकडा संगणक काढतो, हे मान्य. मुदतीआधी केव्हाही वापरता येणाऱ्या अमेरिकन पद्धतीच्या ऑप्शनला तर बहुतेक वेळा तोच मार्ग उरतो, आणि हे मूळ लेखात एका ओळीत यायला हवे होते.

आता ‘एका चलबदलाने’, म्हणजे चले बदलून समीकरणाला उष्णता कशी पसरते हे सांगणाऱ्या समीकरणाचे रूप देण्याने, या आपल्या शब्दांकडे येतो. तो चलबदल पदवीच्या मुलाला ठाऊक असतो, कारण पुस्तकात तो आयता छापलेला असतो. तो मुळात असू शकतो की नाही, हे कोण सांगणार? नॉर्वेचा गणिती सोफस ली याने 1881 मध्ये दोन स्वतंत्र चलांच्या, दुसऱ्या कोटीच्या रेषीय समीकरणांचे वर्गीकरण केले. त्यातून असे निघते की, उष्णता समीकरणाच्या जातीच्या कोणत्याही समीकरणाला, दोन उकलींच्या बेरजेतून येणाऱ्या अनंत सममिती बाजूला ठेवल्या तर, एक, दोन, चार किंवा सहाच सममिती असतात. सहा असतील तरच ते उष्णता समीकरणात बदलता येते, एरवी कितीही डोके खाजवले तरी नाही. गाझिझोव्ह आणि इब्रागिमोव्ह यांनी 1998 मध्ये ब्लॅक-शोल्सच्या समीकरणाचे हेच विश्लेषण केले आणि तिथे सहा सममिती मिळाल्या. व्याजदरासाठी असलेल्या वासिचेकच्या 1977 च्या प्रतिमानालाही सहा आहेत. परंतु कॉक्स, इंगरसोल आणि रॉस यांच्या व्याजदराच्याच 1985 च्या प्रतिमानात, काही विशिष्ट गुणोत्तरे सोडली तर, चारच उरतात, आणि म्हणून तिथल्या उकलीत बेसेलची फलने येतात. तिथे आपला एक चलबदल लावून दाखवावा. प्रतिक्रियेचा इतका चढा सूर लावण्याआधी निदान एवढा विचार अपेक्षित होता.

चलबदलाच्या पलीकडेही सममिती कामी येते. आपल्याकडे मल्टी कमोडिटी एक्स्चेंजवर 2017 पासून सोन्याच्या वायद्यावर ऑप्शन आहेत, आणि वायद्यावरील ऑप्शनसाठी ब्लॅकचे 1976 चे समीकरण वापरतात. वायद्याचा भाव ‘भ’ आणि एखादी ठरवलेली हद्द ‘ह’ मानू. या समीकरणाच्या कोणत्याही उकलीत ‘भ’च्या जागी ह²/भ घातले आणि आलेल्या फलनाला भ/ह ने गुणले, तर मिळते तीही उकलच असते. भाव हद्दीवर आला की दोन्ही उकली सारख्या होतात, त्यांची वजाबाकी शून्य होते. त्यामुळे भाव घसरून हद्दीला टेकताच रद्द होणाऱ्या कॉल ऑप्शनची (खरेदीच्या हक्काची) किंमत, त्याची स्ट्राइक किंमत (खरेदीचा ठरलेला भाव) हद्दीच्या वर असेल तर, साध्या कॉलच्या सूत्रातून एका वजाबाकीने निघते. संगणकाने दिलेला आकडा बरोबर आहे का, हे पडताळायला असेच सूत्र लागते.

बाकीच्या शेऱ्यांत उत्तर देण्याजोगे काही मला दिसले नाही. वरच्या फलनाचे ‘भ’च्या सापेक्ष दोनदा विकलन करून पाहावे, अर्ध्या पानाचे काम आहे, आणि त्यानंतरही ‘अवडंबर’ हा शब्द कायम ठेवायचा असेल तर त्याची कारणे लिहावीत.