आधी डोळ्यांची तपासणी, मग पापण्यांची शस्त्रक्रिया

पापण्यांच्या सौंदर्यशस्त्रक्रियेवरील एक लेख वाचला; त्यात खर्चाची माहिती सविस्तर आहे. डोळ्यांच्या कोरडेपणाचा उल्लेख मात्र ओझरताच आला आहे. वरच्या पापणीची त्वचा गरजेपेक्षा जास्त काढली गेली, तर डोळा पूर्ण मिटत नाही आणि बुबुळ कोरडे पडते (नाशिकच्या कोरड्या थंडीत हा त्रास अधिकच जाणवेल), म्हणून खालच्या पापणीत ५ मिनिटे कागदाची पट्टी अडकवून अश्रूंचे प्रमाण मोजणारी शिर्मर चाचणी आधी करून घ्यावी. येथील नेत्रतज्ज्ञांनी माझ्या मावशीची भुवई बोटाने वर उचलून धरली, तेव्हा लोंबणारी त्वचा जवळजवळ दिसेनाशी झाली. दोष पापणीचा नव्हे, तर खाली उतरलेल्या भुवईचा होता. थायरॉइडचा विकार आणि रक्त पातळ करणारी औषधे डॉक्टरांपासून लपवू नयेत, पण ॲस्पिरिनसारखी गोळी परस्पर बंदही करू नये.