सात महिने आशिया, एकोणीस दिवस इंग्लंड

मँचेस्टरला उतरल्यावर तिसऱ्या दिवशी मी ताईच्या स्वयंपाकघरात बसून रडले. कारण म्हणाल तर एवढंच, की स्टेशनवर दोघांच्या चहाचे 6 पौंड गेले होते. जवळपास सातशे रुपये. हनोईच्या फुटपाथवर, त्या बुटक्या प्लास्टिकच्या स्टुलांवर बसून एवढ्यात आमचं दोघांचं पोटभर जेवण व्हायचं आणि वर पैसे उरायचे.

गेल्या नोव्हेंबरपासून मेपर्यंत आम्ही दोघं श्रीलंका, थायलंड, लाओस, व्हिएतनाम आणि नेपाळ फिरलो. पाठीवर एकेक सॅक. मग पुण्याला येऊन थोडा दम खाल्ला आणि जूनमध्ये ताईकडे इंग्लंडला गेलो. नोकऱ्या सोडलेल्या, त्यामुळे व्हिसाच्या वेळी बँकेची स्टेटमेंटं आणि आपण परत येणार याचे पुरावे गोळा करता करताच मी थकले होते. इथल्या ट्रॅव्हल ग्रुपवर अनेक जण विचारतात की आशियाच्या मोठ्या ट्रिपला जोडून इंग्लंड करावं का, म्हणून हे लिहितेय. करावं. पण आशियातल्या सवयी घेऊन गेलात तर माझ्यासारखेच हिरमुसाल.

पहिली सवय म्हणजे सकाळी उठून ठरवणं. लाओसमध्ये हुए साय ते लुआंग प्रबांग दोन दिवसांच्या बोटीने गेलो. मधल्या पाकबेंग गावात रात्री कुठे झोपायचं हे धक्क्यावर उतरल्यावर ठरलं आणि काहीही बिघडलं नाही. इंग्लंडमध्ये अशी मोकळीक महाग पडते. रेल्वेचं काही आठवडे आधी काढलेलं तिकीट आणि त्याच दिवशी गर्दीच्या वेळचं काढलेलं तिकीट, यांच्या भाड्यात कित्येक पटींचा फरक असतो. लांबच्या प्रवासाला कोच, म्हणजे लांब पल्ल्याची बस घ्या. जवळपास फिरायला लोकल बस घ्या, कारण 2025 मध्ये इंग्लंडमध्ये बहुतेक बसचं एका फेरीचं भाडं 3 पौंडांच्या वर जात नव्हतं, लंडनमध्ये तर 1.75 पौंडच होतं. फक्त लंडनच्या बसमध्ये नोट काढू नका. तिथे 2014 पासून रोख पैसे घेतच नाहीत, कार्ड टेकवायचं. नळाचं पाणी बिनधास्त प्या. सात महिने बाटल्या विकत घेतल्यावर ही गोष्ट मला श्रीमंतीसारखी वाटली. मोठी सरकारी म्युझियम फुकट आहेत. ब्रिटिश म्युझियममध्ये आंध्रातल्या अमरावतीहून नेलेली स्तूपाची शिल्पं बघितली. तिकीट नव्हतं तरी जड पावलांनीच बाहेर आले.

पण पैशांपेक्षा मला लागली ती शांतता. आशियात रस्ता म्हणजेच घर. कोणी भाजी निवडतंय, कोणी पोराला न्हाऊ घालतंय, आणि दिवसातून दहा वेळा तरी 'कुठून आलात?' हा प्रश्न. ताईच्या गल्लीत संध्याकाळी सात वाजता लख्ख उजेड आणि माणूस एक नाही. दारं बंद. कोणी काही विचारत नाही. मी त्याचा अर्थ लावला, की यांना आपण नकोय. तो अर्थ चुकीचा होता, पण हे कळायला मला डोंगरात जावं लागलं.

दाजींनी सुचवलं, एडेलला जाऊन या. मँचेस्टरहून लोकल ट्रेनने साधारण पाऊण तास. छोटं गाव, चहूबाजूंनी हिरवे डोंगर. उत्तरेकडे स्कॉटलंडपर्यंत जाणारी 431 किलोमीटरची पेनाइन वे ही पायवाट इथूनच सुरू होते. आम्ही तिथून किंडर स्काउट या पठाराच्या कडेने चालत पलीकडे हेफील्डला उतरलो. ही वाट लोकांच्या शेतांतून जाते. कुंपण आलं की ते ओलांडायला लाकडी पायरी किंवा छोटं फाटक असतं, खांबावर पिवळा बाण असतो, आणि तुम्ही मेंढ्यांच्या मधून सरळ चालत जाता. शेत खासगी, पण वाट सगळ्यांची, आणि ती मालकाला बंद करता येत नाही. लोणावळा, मुळशी, वाईकडे जुन्या पाऊलवाटा फार्महाऊसच्या तारांमागे गेलेल्या बघून आम्ही किती वेळा माघारी फिरलोय! त्या पिवळ्या बाणाजवळ मी बराच वेळ उभी होते.

माळरानावर मोकळं चालायची मुभा मात्र अशीच मिळालेली नाही. किंडरचं पठार तेव्हा डेव्हनशरच्या ड्यूकच्या, म्हणजे एका बड्या सरदाराच्या मालकीचं, ग्राऊस पक्ष्यांच्या शिकारीसाठी राखलेलं. 24 एप्रिल 1932 रोजी काहीशे तरुण, त्यात गिरण्या-कारखान्यांत राबणारे बरेच, मुद्दाम मनाई मोडून वर चढले. पुढारी बेनी रॉथमन वीस वर्षांचा होता. पाच जणांना तुरुंगवास झाला. पुढे 1949 चा राष्ट्रीय उद्यानांचा कायदा आला, 1951 मध्ये हाच डोंगराळ भाग, पीक डिस्ट्रिक्ट, ब्रिटनमधलं पहिलं राष्ट्रीय उद्यान झाला, आणि 2000 च्या कायद्याने अशा माळरानांवर वाट सोडूनही हिंडायचा हक्क दिला. 2002 मध्ये त्या घटनेला सत्तर वर्षं झाली तेव्हा तेव्हाच्या ड्यूकने आपल्या आजोबांच्या वागण्याबद्दल जाहीर माफी मागितली. ज्या दगडखाणीतून ती मंडळी निघाली तिथे, हेफील्डजवळ, आता पाटी आहे. दिवसभराच्या चालण्यानंतर मी ती हाताने पुसून वाचली.

आणि त्या वाटेवर माणसं बोलली. समोरून येणारा प्रत्येक जण 'हॅलो' म्हणून गेला. एक आजी कुत्र्याला घेऊन बसल्या होत्या. पुढे चिखल कुठे आहे आणि कुठल्या बाजूने जायचं ते त्यांनी काठीने जमिनीवर काढून दाखवलं. कुठून आलात, हे त्यांनीही विचारलं नाही. पण या वेळी मला ते लागलं नाही. वाटेवर आहात म्हणजे तुमचा हक्क आहे, चौकशीची गरज काय, असंच मला त्यात दिसलं.

म्हणून माझं मत स्पष्ट आहे: दोन-तीन आठवडेच असतील तर लंडनला तीन दिवस द्या आणि उरलेले दिवस एका गावी मुक्काम करून चाला. सात महिने रोज चालणारे पाय तुमच्याकडे आहेत. वाटेला भाडं नाही. जूनमध्येही स्वेटर आणि पावसाचं जाकीट मात्र हवंच, आमचे थायलंडचे कपडे तिथे काही कामाचे नव्हते.

उरलेल्या दिवसांत आम्ही आणखी चार वेळा त्या डोंगरांत गेलो. ताई मँचेस्टरला बारा वर्षं राहते, पण एडेलच्या स्टेशनवर कधी उतरली नव्हती. शेवटच्या रविवारी तिने भाच्याचे बूट घातले, डब्यात मेथीचे ठेपले घेतले आणि आमच्याबरोबर आली. पहिलं फाटक तिनेच उघडलं.