टक्का कमी म्हणजे हिंसा कमी?

‘ज्या देशात टक्का कमी, तेथे स्त्रिया अधिक सुरक्षित’ हे स्त्रियांवरील हिंसेच्या पाहण्यांविषयीच्या लेखातील विधान मला पटले नाही. ‘टक्का’ म्हणजे पाहणीत हिंसा अनुभवल्याचे सांगणाऱ्या स्त्रियांचे प्रमाण. युरोपीय संघाच्या मूलभूत हक्क संस्थेने २०१४ मध्ये २८ देशांतील सुमारे ४२,००० स्त्रियांची पाहणी प्रसिद्ध केली, तेव्हा वयाच्या पंधराव्या वर्षापासून शारीरिक वा लैंगिक हिंसा अनुभवल्याचे डेन्मार्कमध्ये ५२ टक्के, तर पोलंडमध्ये १९ टक्के स्त्रियांनी सांगितले. हा सगळा फरक हिंसेचाच मानता येत नाही. त्यात बोलण्याच्या मोकळिकीचाही वाटा असतो.

अशा एका पाहणीत मी स्वतः मुलाखती घेतल्या आहेत. ‘तुमच्यावर अत्याचार झाला का?’ या प्रश्नाला ठाम ‘नाही’ म्हणणारी स्त्री, पतीने कधी थोबाडीत मारली का, ढकलले का, केस ओढले का, असे एकेक कृत्य विचारल्यावर थबकते आणि मग बोलू लागते. मात्र तेवढ्यात कोणी खोलीत डोकावले, तर खरा विषय त्याला कळू नये म्हणून आम्हाला ताबडतोब आहाराविषयीच्या पर्यायी प्रश्नांकडे वळावे लागे. (ते प्रश्न आम्हाला तोंडपाठ झाले होते.) एकांत मिळालाच नाही, तर तो भाग सोडून द्यावा, असा नियम होता. अशा किती मुलाखती अर्धवट राहिल्या, हे लेखातील तक्त्यात कोठेही नाही. टक्केवारीच्या शेजारी तो आकडा छापायला हवा होता.