एकच रेड ५, एकच एलयूएन: तो मेसेज बघून स्टोरेज लावू नका

सांगली-मिरजेतल्या आयटीवाल्या पोरांच्यात एक मेसेज फिरतोय, नवीन स्टोरेज आलं की सगळ्या डिस्क मिळून एकच रेड ५ (एक डिस्क गेली तरी डेटा टिकतो अशी मांडणी) करा, त्यावर एकच मोठा एलयूएन (सर्व्हरला एक डिस्क म्हणून दिसणारा स्टोरेजचा तुकडा), सगळे व्हीएम (एका सर्व्हरवर चालणारे आभासी सर्व्हर) थिन, म्हणजे जागा आधी न अडवता लागेल तशी घेणारे, आणि स्नॅपशॉट (व्हीएमची त्या क्षणाची स्थिती) असल्यावर वेगळा बॅकअप कशाला. लोक खरंच तसं करायलेत म्हणून लिहितोय.

रेड ५ मध्ये जागा जास्त मिळते, बरोबर. पण बारक्या एका राईटमागं डिस्कवर चार कामं होतात, जुना डेटा वाच, पॅरिटी (डिस्क गेल्यावर डेटा परत काढायचा हिशोब) वाच, मग दोन्ही परत लिही, रेड १० ला (प्रत्येक डेटा दोन डिस्कवर ठेवतो) दोनच. ७२०० आरपीएमच्या डिस्कचे शंभरेक आयओपीएस (सेकंदाला होणारी वाच-लिहीची कामं) धरले तर १२ डिस्कवर राईट ३०० च्या आसपासच. डेटाबेसला रेड १० च करा.

एकच एलयूएन का नको? ६४ टीबीपर्यंत डेटास्टोअर (व्हीएमच्या फायली ठेवायची जागा) चालतो हे खरंय, पण होस्टकडनं (व्हीएम चालवणाऱ्या सर्व्हरकडनं) प्रत्येक एलयूएनची रांग ठरलेली असते, कार्ड बघून एका वेळी ३२ नाहीतर ६४ कामांची, एका व्हीएमनं मोठा रिपोर्ट काढला की बाकीचे ताटकळत बसतात.

थिन मीपण वापरतो. फक्त जागा नकळत संपू नये म्हणून ॲरेवर (डिस्कच्या खोक्यावर) आणि होस्टवर, दोन्हीकडं अलार्म लावा.

आणि स्नॅपशॉट म्हणजे बॅकअप, हे तर साफ चूक. मूळ डिस्क तशीच राहते आणि पुढचे बदल वेगळ्या डेल्टा फाईलमध्ये जातात, मूळ गेली की सगळं गेलं. ७२ तासांच्या वर ठेवू नका असं व्हीएमवेअर (व्हीएम चालवायचं सॉफ्टवेअर) स्वतःच सांगतंय. एका पतसंस्थेत अपडेटआधी घेतलेला स्नॅपशॉट पाच महिने तसाच राहिला, फुगत गेला, आणि ३१ मार्चला संध्याकाळी डेटास्टोअर फुल्ल होऊन सर्व्हर थांबला, कॅशियर बाई हिशोबाचे कागद हातात घेऊन माझ्या मागं उभ्या. एलयूएन एकच, त्यामुळं काही हलवायला दुसरी जागाच नाही! शेवटी १६ जीबी रॅमचा टेस्ट सर्व्हर (तोही व्हीएमच) बंद केला, त्याच्या रॅमसाठी डिस्कवर राखलेली स्वॅप फाईल गेली, तेवढ्या जागेवर सर्व्हर चालू झाला. स्नॅपशॉट मूळ डिस्कमध्ये मर्ज व्हायला मात्र रात्र गेली.

ऑगस्ट २०१९ ला सांगलीत आयर्विन पुलाजवळ कृष्णेचं पाणी ५७ फुटांवर गेलेलं आपण बघितलंय. तळमजल्यावरचा रॅक बुडाला तर रेड आणि स्नॅपशॉट त्याच खोक्यात बुडणार. माझ्याकडच्या सगळ्या गिऱ्हाइकांच्या डेटाची एक कॉपी रोज रात्री दुसऱ्या गावी, विट्याला जाते, आणि महिन्यातनं एकदा ती रिस्टोअर करून, लॉगिन करून बघतोच.